एमिल ग्रिफिथ: आमच्या शेडमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकोट तालुक्यातल्या आमच्या बॉक्सिंगच्या शेडमध्ये शिरलं की समोरच्या टिनावर एकच फोटो दिसतो. रुंद खांदे, बारीक कंबर, चेहऱ्यावर लाजरं हसू. पोट्टे, त्यांचे आईबाप, शाळेतले पीटीचे सर, बाजूच्या गावांतले कोच असे सगळे मला त्या माणसाबद्दल विचारत असतात. कधी व्हॉट्सअॅपवर, कधी एसटी स्टँडवर, तर कधी कापसाचा काटा चालू असताना. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल.

1. फोटोतला हा माणूस कोण, सर?

एमिल ग्रिफिथ. जन्म 3 फेब्रुवारी 1938 चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरचा. हे बेट अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन आयलंड्सपैकी एक. तो वेल्टरवेट गटात तीनदा आणि मिडलवेट गटात दोनदा जगज्जेता झाला. व्यावसायिक बाऊट, म्हणजे लढती, 112, त्यात 85 जिंकल्या, 24 हरला, 2 बरोबरीत सुटल्या आणि एक निकालाविना राहिली. 1964 साली ‘द रिंग’ या बॉक्सिंगच्या मासिकाने त्याला वर्षाचा सर्वोत्तम मुष्टियोद्धा ठरवलं. 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. 23 जुलै 2013 ला, वयाच्या 75 व्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातल्या हेम्पस्टेड इथे तो गेला.

2. वेल्टरवेट म्हणजे नेमकं किती किलो?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये 147 पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण 66.7 किलो. मिडलवेटची हद्द 160 पौंड, म्हणजे 72.6 किलो. हौशी बॉक्सिंगमधले गट वेगळे आहेत आणि ते बदलत राहतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये वेल्टरवेट 69 किलोचा होता. आसामच्या खेड्यातल्या लवलीना बोर्गोहाईंने त्याच गटात कांस्य घेतलं. स्पर्धेचा फॉर्म भरताना त्या वर्षीचं पत्रकच पाहा, फोटोवरून गट ठरवू नका.

3. तो बॉक्सिंगमध्ये आला कसा? घरात कोणी पैलवान होतं काय?

कोणीच नव्हतं. बाप घर सोडून गेलेला, आई पोटासाठी न्यूयॉर्कला, मागून हाही तिकडे गेला. तिथे तो बायकांच्या टोप्या तयार करणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. एक दिवस फार उकडत होतं. त्याने शर्ट काढून काम करू का म्हणून मालकाला विचारलं. हॉवी अल्बर्ट नावाचा हा मालक स्वतः हौशी बॉक्सिंग खेळलेला होता. पोराचे खांदे पाहून तो त्याला गिल क्लॅन्सी या प्रशिक्षकाकडे घेऊन गेला. ग्रिफिथचं मन खरं तर बेसबॉलमध्ये होतं, आणि टोप्यांची कलाकुसर त्याला मनापासून आवडायची. तरी 1958 मध्ये त्याने न्यूयॉर्कची गोल्डन ग्लोव्ह्ज ही हौशी स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. अल्बर्ट आणि क्लॅन्सी ही जोडी त्याच्यासोबत शेवटपर्यंत राहिली.

टोप्या शिवणारा पोरगा ठोसे कसे मारेल, असं आमच्याकडेही विचारतात. कापूस वेचणारे हात पाहिलेत ना? सकाळपासून दुपारपर्यंत बोंडावर तीच नजर आणि तेवढीच चपळाई लागते. शेडमधल्या पोरींचे जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे ठोसे, पोरांपेक्षा सरळ जातात, त्याचं कारण मी तिथेच शोधतो.

4. मोहम्मद अली, मेरी कोम सोडून ह्याचाच फोटो काहून?

माझ्या चुकीमुळे.

तेव्हा शेड नव्हती. निंबाच्या सावलीत चार बल्ल्या आणि बैलगाडीला बांधायची नायलॉनची दोरी, हीच रिंग. एका मे महिन्यात दोन पोट्ट्यांची स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, लावली. त्याआधी एकाने दुसऱ्याला सगळ्यांसमोर ‘बायल्या’ म्हटलं होतं. ते मी ऐकलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. दुसऱ्या राउंडला ज्याला तसं म्हटलं होतं त्याने म्हणणाऱ्याला कोपऱ्यात गाठलं. दोरीत खांदा अडकल्यामुळे पोरगा खाली पडत नव्हता, आणि तो पडत नाही म्हणून मला वाटत राहिलं की ठीक आहे. मी ‘स्टॉप’ म्हणेपर्यंत पाच-सहा ठोसे जास्तीचे बसले. पोरगा हसला, सायकलवर घरी गेला. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. अकोल्याला नेलं, डोक्याचा स्कॅन झाला, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. देवाच्या दयेने काही निघालं नाही. त्याची आई बाकावर माझ्या शेजारी बसली होती. ती मला एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला फार लागलं.

नंतर ग्रिफिथबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. तोच कोपरा, तेच दोर आणि जवळपास तोच शब्द (प्रश्न 5 आणि 7 पाहा). तेव्हापासून हा फोटो आहे. नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात ग्लोव्ह्ज मिळण्याआधी ही हकीकत सांगतो.

5. 24 मार्च 1962 ला नेमकं काय झालं?

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ग्रिफिथ आणि क्यूबाचा बेनी ‘किड’ पॅरेट तिसऱ्यांदा समोरासमोर आले. पहिल्या वेळी, 1 एप्रिल 1961 ला, ग्रिफिथने तेराव्या राउंडला त्याला पाडून वेल्टरवेटचा किताब घेतला होता. 30 सप्टेंबरला पॅरेटने तो गुणांवर परत मिळवला. पंचांमध्ये एकमत नव्हतं. तिसरी लढत सोक्षमोक्ष लावायची होती आणि ती टीव्हीवर थेट दाखवली जात होती.

सहाव्या राउंडला पॅरेटने ग्रिफिथला खाली पाडलं. घंटेने ग्रिफिथ वाचला. पुढे त्याने बाजी फिरवली. बाराव्या राउंडला पॅरेट कोपऱ्यात सापडला, दोरांना अडकला आणि त्याचे हात खाली आले. ग्रिफिथने त्याच्या डोक्यावर ठोशांचा भडिमार केला. ते किती होते यावर आजही वाद होतो, पण इतकं खरं की ते काही सेकंदांत बसले. दोरांनी धरून ठेवल्यामुळे पॅरेट कोसळलाच नाही. राउंडच्या 2 मिनिटं 9 सेकंदांना रेफरी रुबी गोल्डस्टीन यांनी ग्रिफिथला मागे ओढलं, तेव्हा पॅरेट हळूहळू खाली घसरला. तो शुद्धीवर आला नाही. दहा दिवसांनी, 3 एप्रिल 1962 ला, तो वारला. वय 25.

या लढतीची चित्रफीत इंटरनेटवर सापडते. सोळा वर्षांखालच्या पोरांना मी ती दाखवत नाही. पालकांनीही दाखवू नये असं माझं मत आहे.

6. आणि पॅरेट? त्याच्याबद्दल कोणी सांगतच नाही.

हा प्रश्न एका आठवीतल्या पोरीने विचारला होता. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

बेर्नार्दो पॅरेट क्यूबाच्या सांता क्लारा भागातला. लहानपणापासून उसाच्या फडात राबलेला, शाळा जवळपास नाहीच. मार खाऊनही पुढे येत राहतो म्हणून तो लोकांना आवडायचा. हीच गोष्ट त्याच्या जिवावर उठली असं मला वाटतं. सप्टेंबर 1961 ला ग्रिफिथसोबत पूर्ण पंधरा राउंड खेळल्यानंतर, 9 डिसेंबरला त्याला त्याच्याहून जड गटातल्या जीन फुलमरसमोर उभं केलं. त्याने पॅरेटला दहाव्या राउंडपर्यंत भयंकर झोडपलं. त्यानंतर साडेतीन महिन्यांत पुन्हा ग्रिफिथ. डोक्याला विश्रांती मिळालीच नाही. मरताना मागे बायको होती, ती गरोदर, आणि पदरात दोन वर्षांचा मुलगा.

नांगराचा बैल लंगडायला लागला तर शेतकरी त्याला जू लावत नाही. त्या पोराला लावलं गेलं. बाराव्या राउंडबद्दल सगळे बोलतात, मला डिसेंबर ते मार्च हे साडेतीन महिने जास्त छळतात.

7. ग्रिफिथने सूड घेतला, मुद्दाम मारलं, असं म्हणतात. खरं काय?

लढतीच्या दिवशी वजन करताना पॅरेटने सगळ्यांसमोर ग्रिफिथच्या अंगाला हात लावून ‘मारिकोन’ हा शब्द वापरला. स्पॅनिशमध्ये समलिंगी पुरुषाला हिणवायची ही शिवी आहे. ग्रिफिथ तिथेच अंगावर धावून जाणार होता, क्लॅन्सींनी त्याला आवरलं. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी तो शब्द सरळ छापायचं टाळलं.

राग होता, यात शंका नाही. पण जीव घ्यायचा हेतू नव्हता, असं तो आयुष्यभर सांगत राहिला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. क्लॅन्सींनी त्याला सांगून ठेवलं होतं की जवळून झुंजताना समोरचा मिठी मारेपर्यंत किंवा रेफरी सोडवेपर्यंत हात थांबवू नको. असा सल्ला सगळेच कोच देतात, मीही देत होतो. चिडलेल्या पोराच्या कानात ते वाक्य गेलं तर त्याचं काय होतं, हे मी निंबाखाली पाहिलं आहे.

8. मग चूक रेफरीची का?

गोल्डस्टीन त्या काळचे नावाजलेले रेफरी होते. लढत लवकर थांबवली म्हणून प्रेक्षकांच्या शिव्याही त्यांनी खाल्ल्या होत्या. त्या रात्री त्यांना काही सेकंद उशीर झाला. चौकशीत त्यांना दोषी धरलं नाही, पण रेफरीचं काम त्यांनी त्यानंतर जवळजवळ सोडून दिलं.

माझं म्हणणं विचाराल तर त्या कोपऱ्यात अनेक माणसं होती: लढत ठरवणारे, खेळायला परवानगी देणारे, टॉवेल टाकून हार न मानणारे कोपऱ्यातले लोक, ‘अजून मार’ ओरडणारे. थांबवायचं काम सगळ्यांचं होतं. आमच्याकडे स्पारिंगच्या वेळी बघणाऱ्या कोणत्याही पोराने ‘स्टॉप’ म्हटलं तर स्पारिंग थांबते. चुकून थांबली तर थांबली, त्यावर कोणी हसायचं नाही.

9. पोलीस केस काहून नाही झाली?

मान्यताप्राप्त लढतीत, नियमात राहून झालेली इजा होती. न्यूयॉर्क राज्याने चौकशी केली, गुन्हा दाखल झाला नाही.

10. एवढं झाल्यावर तो पुन्हा खेळलाच कसा?

पोटाचा प्रश्न सुटत नाही. आईभावंडांचा संसार त्याच्याच हातांवर होता. त्याच वर्षी तो पुन्हा रिंगमध्ये उतरला आणि 1977 पर्यंत खेळला. लोकांनी खुनी म्हणून पत्रं पाठवली. पॅरेट वर्षानुवर्षं स्वप्नात यायचा, असं त्याने अनेकदा सांगितलं आहे.

त्याच्या खेळात एक बदल झाला. समोरचा डळमळला की तो हात आवरायचा, जिंकण्यापुरतं मारायचा, आणि हे त्याने स्वतः कबूल केलं आहे. 85 विजयांपैकी फक्त 23 नॉकआउट आहेत, ते यामुळेही. तरी तो जिंकत राहिला. 21 मार्च 1963 ला लॉस एंजेलिसला लुइस रॉड्रिग्जकडून हरला आणि 8 जूनला त्याच्याकडूनच किताब परत घेतला. (त्या 21 मार्चच्याच कार्यक्रमात डेव्ही मूर हा फेदरवेट विजेता लढला, त्याची मान दोरावर आदळली आणि चार दिवसांत तो गेला. ग्रिफिथने ते कसं सोसलं असेल, देव जाणे.) डिसेंबर 1963 मध्ये रुबिन कार्टरने त्याला पहिल्याच राउंडला गारद केलं. 25 एप्रिल 1966 ला नायजेरियाच्या डिक टायगरला हरवून तो मिडलवेटचा जगज्जेता झाला. इटलीच्या निनो बेनवेनुतीशी 1967-68 मध्ये तीन लढती झाल्या: पहिली हरला, दुसरी जिंकला, तिसरी हरला. मग त्या दोघांची इतकी गट्टी जमली की बेनवेनुतीच्या मुलाचा ‘गॉडफादर’, म्हणजे धर्मपिता, ग्रिफिथ झाला.

निवृत्तीनंतर त्याने न्यू जर्सीत बालसुधारगृहात नोकरी केली, विल्फ्रेड बेनितेझसारख्या बॉक्सरांना शिकवलं. सुधारगृहातली पोरं त्याच्याशी कशी वागत असतील, हे मला कधीतरी बघायला आवडलं असतं.

11. तो समलिंगी होता का? आणि हे पोट्ट्यांपुढे बोलावं काय?

2005 मध्ये त्याने मुलाखतीत सांगितलं की त्याला पुरुषही आवडत आले आणि बायकाही. 1971 मध्ये त्याचं एका स्त्रीशी लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. तरुणपणी हे उघड बोलला असता तर त्याचं खेळणं संपलं असतं. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये समलिंगी लोकांच्या एका बारमधून बाहेर पडल्यावर टोळक्याने त्याला मरणाच्या दारापर्यंत मारलं. कित्येक महिने तो दवाखान्यात होता. म्हातारपणी त्याच्या मनात एकच सल होती: माणूस मेला तेव्हा लोकांनी मला माफ केलं, पण मी माणसावर प्रेम केलं ते मात्र माफ केलं नाही.

बोलावं काय? हो, बोलावं. एका वडिलांनी यावरून पोराला शेडमधून काढून नेलं होतं. चार महिन्यांनी पोरगा परत आला, वडीलच मोटरसायकलवर सोडायला आले. ‘बायल्या’, ‘हिजडा’ हे शब्द आमच्या शेडमध्ये चालत नाहीत. जो म्हणेल तो त्या दिवशी ग्लोव्ह्ज घालत नाही. कारण प्रश्न 4 मध्ये आहे.

12. पॅरेटच्या घरच्यांनी त्याला माफ केलं का?

पॅरेट गेला तेव्हा दोन वर्षांचा असलेला मुलगा मोठेपणी ग्रिफिथला भेटला. एका माहितीपटाच्या निमित्ताने न्यूयॉर्कच्या एका बागेत ही भेट झाली. ग्रिफिथ तेव्हा साठी ओलांडलेला, शब्द सापडेनासे झालेले. मुलाने त्याला मिठी मारली आणि मनात काही राग नाही असं सांगितलं.

13. शेवटी त्याची आठवण गेली म्हणे. बॉक्सिंगमुळेच काय?

हो, डॉक्टरांनी तसंच निदान केलं होतं. वर्षानुवर्षं डोक्याला मार बसून होणारा हा विस्मृतीचा आजार. 1928 मध्ये अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी बॉक्सरांमधल्या या लक्षणांवर पहिल्यांदा लिहिलं. जीभ जड होणं, चाल डगमगणं, विसरणं ही ती लक्षणं. 112 बाऊट, त्यातल्या कितीतरी पंधरा राउंडच्या, वर रोजची स्पारिंग. 1992 चा मारही त्यात धरावा लागेल. शेवटची वर्षं त्याच्या दत्तक मुलाने त्याला सांभाळलं. बॉक्सिंगवर माझा जीव आहे, पण हे मी पालकांपासून लपवत नाही.

14. मग मी माझ्या पोरीला कशाला पाठवू?

हौशी बॉक्सिंग आणि ग्रिफिथचं बॉक्सिंग यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे तीन राउंड, तेव्हा पंधरा. पोरींना आणि लहान गटांना हेडगार्ड सक्तीचं आहे, पण हेडगार्डने कातडी वाचते. मेंदू आत हलतो तो हलतोच. रेफरी उभ्या खेळाडूलाही आठ अंक मोजून तपासतो. डॉक्टर रिंगशेजारी असतो. रिंगला आता चार दोर असतात, 1962 मध्ये तीन होते. व्यावसायिक लढतीही पंधराच्या बारा राउंडवर आल्या. 1982 मध्ये कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडनंतर गेला, तेव्हा हा बदल सुरू झाला.

म्हणून पाठवा असं मी म्हणत नाही. आधी येऊन एक संध्याकाळ स्पारिंग बघा. कोच किती लवकर ‘स्टॉप’ म्हणतो ते मोजा. तो म्हणत नसेल तर पोरीला घरी न्या, मग तो कोच मी असलो तरी.

15. स्पर्धेआधी तीन किलो काढायचे आहेत. रेनकोट घालून पळू काय?

नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 ला टेकतो. अशा वेळी घाम गाळून काढलेलं वजन म्हणजे फक्त पाणी. सुकलेल्या शरीराने रिंगमध्ये डोक्यावर मार घेणं जास्त धोक्याचं. वरचा गट खेळा. ग्रिफिथ 147 पौंडांचा गडी होता आणि 160 च्या गटात जाऊन जिंकला.

विदर्भासाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार खूप घरांत आहे, मेळघाटातून येणाऱ्या पोरांमध्येही. ज्याला आजार नाही, जो फक्त वाहक आहे, त्यालाही उन्हात पाणी तोडून जोरकस मेहनत केली तर जिवाचा धोका होऊ शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घ्या. आमच्याकडे तो कागद दाखवल्याशिवाय प्रवेश नाही.

16. डोक्याला लागलं, पण पोरगा म्हणतो ‘काही नाही झालं’. काय पाहायचं?

त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, अवेळी गुंगी, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, हातपाय लुळा वाटणं, यांतलं एक जरी दिसलं तरी लगेच 108 ला फोन करा. स्कॅनची सोय जिल्ह्याच्या गावाला असते. रस्त्यातच तास जातो, म्हणून सकाळची वाट पाहू नका. पहिली रात्र पोराला एकटं झोपू देऊ नका. डोक्याच्या माराने बाऊट थांबली असेल तर किमान 30 दिवस स्पारिंगही नाही, आणि डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय त्यानंतरही नाही. घाई होत असेल तर प्रश्न 6 मधले साडेतीन महिने आठवा.

17. समोरचा दोराला टेकला आहे, हात खाली आहेत, पण रेफरी ‘स्टॉप’ म्हणत नाही. मी काय करू? थांबलो आणि त्याने उलटा मारला तर?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तो नेहमी चांगले पोट्टेच विचारतात. नियमाप्रमाणे रेफरीने सांगेपर्यंत लढत चालू असते. तू मारत राहिलास तर तुला कोणी दोष देणार नाही. ग्रिफिथलाही नियमाने दिला नाही.

तरी आमच्याकडे असं शिकवतो. हात खाली आणि नजर हरवलेली दिसली की गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोरचे हात, वर ठेवून एक पाऊल मागे ये आणि रेफरीकडे बघ. मागे सरू नको असं कोणताही नियम म्हणत नाही. त्या एका पावलाने दोरात अडकलेला माणूस एक तर सावरतो, नाही तर खाली बसतो, आणि रेफरीला दिसतं. तो सावरला आणि त्याने तुला मारलं, तर तुझा गार्ड वर आहेच. राउंड गेला तर जाऊ दे, त्याचा जाब मी देईन. गेल्या वर्षी जिल्हास्तरावर आमच्या एका पोरीने हे केलं आणि ती बाऊट गुणांवर हरली. परत येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. अकोट आल्यावर म्हणाली, “सर, तिचे डोळे पाहिले मी.” दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी सहा वाजता बॅगवर हजर होती.